सवारीसकट जप्त

सुभद्राबाईचा राग भातकुलीत सगळ्यांना ठाऊक होता. रेशनच्या दुकानात मापात मारतात म्हणून तिनं एकदा दुकानदाराचा काटाच उचलला आणि तहसील कचेरीच्या पायरीवर नेऊन ठेवला होता. तिचं घराणं महानुभाव पंथाचं. रिद्धपूरच्या मठातल्या बाईजी तिला दरवेळी सांगायच्या, "सुभद्रा, राग गिळत जाय बाई. रागानं आपलंच रक्त आटते." ती दंडवत घालायची, हो म्हणायची, आणि घरी येऊन चार दिवस खरंच गिळायची. पण त्या एप्रिलात अकोल्याच्या रस्त्यावर जे झालं, ते गिळण्यासारखं नव्हतंच.

झालं असं, की तिच्या नवऱ्याच्या, नत्थुजींच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सोडताना डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरलाय. पडदा जागेवर दाबून धरायचं काम तो करेल. म्हणून काही दिवस यांनी तोंड खालीच ठेवायचं. झोपायचं तेही पालथं. मान वर केली, गचका बसला, तर केलेलं सगळं पाण्यात." सुभद्राबाईनं ते असं ऐकलं, की डोळा जणू तिचाच होता.

गाडी रऊफची होती. अमरावतीचा रऊफ, पांढऱ्या अर्टिगाचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. रिद्धपूरला जायचं असो की कुणाच्या लग्नाला, सुभद्राबाई त्यालाच फोन करायची, कारण तो गाडी हळू चालवायचा आणि पोहोचल्यावर भाडं वाढवून मागायचा नाही. त्या दिवशी त्यानं मागच्या सीट पाडून वर गादी टाकली होती, उशा रचल्या होत्या. नत्थुजी पालथे पडले. सुभद्राबाई उरलेल्या अर्ध्या सीटवर अंग चोरून बसली, एक हात त्यांच्या मानेवर ठेवून.

रऊफचा फोन सारखा वाजत होता आणि तो सारखा कापत होता.

"कोन हाय रे?" तिनं विचारलं.

"काई नाई काकू. कंपनीवाले हायत."

तिला वाटलं, सिमकार्डवाले असतील.

बोरगाव मंजू मागं पडलं आणि थोड्या वेळानं एक जीप भरधाव पुढं येऊन आडवी थांबली. रऊफनं करकचून ब्रेक दाबला. नत्थुजी गादीवरून पुढं घसरले आणि सुभद्राबाईनं दोन्ही हातांनी त्यांचं डोकं झेललं. जीपमधून तिघं उतरले. सगळ्यात पुढं होता तो कुंदन. नाव तिला नंतर कळलं. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात ओळखपत्र, तेही उलटं फिरवलेलं.

"चाबी दे," तो खिडकीतून म्हणाला.

"भाऊ, सवारी हाय," रऊफ हात जोडून म्हणाला. "पेशंट हाय. डोयाचं ऑपरेशन झालं त्यायचं. भातकुलीले सोडतो अन् मीच गाडी घेऊन येतो. खुदा की कसम."

"किती दिवसापासून येऊनच राहिला तू."

त्यानं दार उघडलं, रऊफची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. मग मागं वळून म्हणाला, "आजी, उतरा. फायनान्सनं ओढली गाडी. मागून काळीपिवळी येईन, तिच्यात बसून घ्या."

"कोनाची आजी?" सुभद्राबाई म्हणाली. "मान वर कराची नाई म्हनून सांगतलं हाय डॉक्टरनं. काळीपिवळीत कोंबू का मी यायले?"

"मंग बसा. आपलं काय जाते."

त्यानं तिथंच गाडी वळवली आणि उलट अकोल्याच्या रस्त्याला लावली. रऊफ काचेवर हात आपटत काही अंतर धावला. मग त्या दोघांनी त्याला मागून धरलं. मागच्या काचेतून तिला रस्त्याच्या मधोमध पडलेली त्याची एक चप्पल दिसली.

कुंदन गाडी अशी हाणत होता, की गतिरोधक आला काय आणि खड्डा आला काय, त्याला सगळं सारखंच. एका गचक्याला नत्थुजी कण्हले. ते कधी कण्हत नसत. पायात वखराची पास घुसली होती तेव्हाही नाही. सुभद्राबाई पुढं वाकली आणि तिनं कुंदनच्या खांद्यात नखं रुतवली.

"हळू चालव, मेल्या! यायचा डोया गेला तर तुह्या दोनी डोयायचा हिशेब घेईन मी."

गाडी हळू झाली.

शहराच्या अलीकडं, पत्र्याच्या उंच कुंपणात कंपनीचं यार्ड होतं. आत गाड्याच गाड्या, धुळीनं सगळ्या एका रंगाच्या झालेल्या. एकीच्या आरशाला अजून लिंबू-मिरची लटकत होती. एकीच्या मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं चिकटवलेली होती. एका रिक्षाटेम्पोत कुणाच्या भाजीच्या भरलेल्या पाट्या तशाच सुकून पडल्या होत्या. म्हणजे त्या माणसाला भाजीसुद्धा उतरवू दिली नव्हती नीट, सुभद्राबाईच्या मनात आलं, आणि इतका वेळ ज्या रागाला फक्त कुंदनचं तोंड होतं, तो त्याच्यापेक्षा खूप मोठा झाला.

कुंदननं गाडी बंद केली, किल्ली काढली आणि तो खाली उतरला. फाटकाला कुलूप लागल्याचा आवाज आला. एसी बंद होताच काचेतून ऊन आत घुसलं.

"आता तरी उतरा."

"मी नाई उतरत."

"अवो, गाडी काई तुमची नाई, कर्ज तुमचं नाई. तुमाले काय करनं हाय?"

"बसली मी यायले घेऊन भातकुलीले जाले. भातकुली आली का? नाई आली. मंग काहून उतरू?"

तिनं आतून दारांच्या कड्या लावल्या, मागच्या दोन्ही काचा हँडल फिरवून हातभर खाली केल्या आणि पदरानं नत्थुजींना वारा घालू लागली. ते गादीत तोंड खुपसूनच म्हणाले, "सुभे, उतरू वं. काहून भांडतं?"

"तुमी तोंड खाली ठेवा," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चकाकणारे बूट, बोलणं गोड. "मावशी, आमचा करार रऊफभाईंशी आहे. तुमचा त्यात काहीच संबंध नाही. तुम्ही कंपनीच्या मालमत्तेत विनापरवानगी बसला आहात, हे तुमच्या लक्षात येतंय का?"

"गाडी कंपनीची झाली, मंग आमी दोघं बी कंपनीचेच झालो का? आमाले बी लिलावात काढता?"

"असं कसं म्हणता, मावशी..."

"तुह्याजवळ कोर्टाचा कागद हाय? दाखव. रऊफले नोटीस देल्ली होती? तेही दाखव. नाई ना? मंग मावशी-मावशी नको करू माह्याजवळ."

मॅनेजरच्या कपाळावर आठी पडली. त्यानं कुंदनला हळूच सांगितलं, ते तिला ऐकू गेलं: "पाणी देऊ नका. तासाभरात उतरतील."

हे वाक्य तिनं पुढं पोलिसांसमोर, वकिलांसमोर, न्यायाधीशांसमोर जसंच्या तसं सांगितलं. इतर गोष्टी तिला मागंपुढं आठवायच्या, हे एक वाक्य नाही. ऑपरेशन झालेला माणूस उन्हात गाडीत पालथा पडलाय आणि एक शिकलासवरलेला पोरगा म्हणतो, पाणी देऊ नका.

तिची भाची प्रणाली अमरावतीच्या कोर्टात वकिली करत होती. सुभद्राबाईनं तिला फोन लावला. सगळं ऐकून प्रणाली म्हणाली, "मावशी, अजिबात उतरू नको. गाडी ओढायलाही नियम आहेत, आधी नोटीस द्यावी लागते, गुंड पाठवून रस्त्यात अडवता येत नाही. आणि तुम्हाला आत कोंडलंय, ते तर वेगळंच. फाटकाला कुलूप आहे का?"

"हाय."

"ते पोलिसांना पहिले दाखव. मी एकशे बाराला फोन करते आणि निघते."

पोलीस आले, पण हवालदार आधी मॅनेजरच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "काकू, हे फायनान्सचं मॅटर हाय. सिव्हिल मॅटर. आमी याच्यात पडत नाई. तुमी उतरा, मी ऑटो करून देतो."

"साहेब," सुभद्राबाई खिडकीतून म्हणाली, आणि तिचा आवाज आता चिरका झाला होता, "आमाले रस्त्यावरून उचललं. अथी आनलं. फाटकाले कुलूप ठोकलं. पानी देऊ नका म्हनलं. आमी कोनाचा रुपया घेतला नाई. हे कोनतं मॅटर होय, ते सांगा अन् मंग मी उतरतो का नाई ते पाहू."

हवालदारानं वळून फाटकाकडं पाहिलं. कुलूप त्याच्यासाठी उघडलं होतं आणि सवयीनं पुन्हा लावलं होतं. आता आत तोही होता. त्याचा चेहरा जरा बदलला. त्यानं ठाण्यात फोन लावला. मग फौजदारबाई आल्या, पंचनामा झाला, अॅम्ब्युलन्स आली. नत्थुजींना पालथंच स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा कुठं सुभद्राबाई गाडीतून उतरली. पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. तरी कुंदनसमोर लंगडायचं नाही म्हणून ती ओठ दाबून चालली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत थोडं रक्त उतरलं होतं. "वाट बघू," एवढंच म्हणाले.

रऊफ तिथंच भेटला. ट्रकवाल्याला हात दाखवून आला होता, पाय अनवाणी. तो तिच्या पायाशी बसला. त्यानं सांगितलं ते असं. गाडीचे हप्ते केव्हाच फिटले होते. मोठी मुलगी शाहीन नर्सिंगला लागली, फी भरायची होती. 'सुलभगती' नावाच्या फायनान्सवाल्यांनी सांगितलं, गाडी तुमच्याकडंच राहील, फक्त आरसी बुकावर बोजा चढेल, संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात. सह्या घेतल्या, कोरे चेक घेतले, दुसरी किल्ली घेतली. मग एक हप्ता चुकला. पुढं त्यानं जे भरलं ते सगळं दंडात गेलं, दंडावर दंड चढला आणि मुद्दल होतं तिथंच राहिलं.

"तुले हे मले नाई सांगता आलं?" सुभद्राबाई त्याच्यावरही कडाडली. "तुह्या भरोशावर ऑपरेशनचा मानूस घेऊन निघाली मी!"

"सांगतलं असतं तर बसल्या असत्या का तुमी माह्या गाडीत, काकू?"

ती आणखीच चिडली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

गुन्हा नोंदला गेला. कुंदनला आणि त्याच्या जोडीदारांना अटक झाली आणि लगेच जामीनही. गाडी मात्र पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारात लागली. म्हणजे रऊफची गाडी यार्डातून सुटली आणि ठाण्यात अडकली. त्याच्या हाताला काम राहिलं नाही. तो दुसऱ्याची ऑटो भाड्यानं चालवू लागला.

पावसाळा लागता लागता तो आणि त्याची बायको अनवरी भातकुलीला आले. अनवरी दाराशीच बसली, डोक्यावरची ओढणी सारखी करत. रऊफनं मान खाली घालून सांगितलं, की कंपनी समझोता करायला तयार आहे. दंड सगळा माफ. गाडी सोडवायला कंपनीचाच वकील कोर्टात अर्ज देईल. अट एकच, रऊफनं तक्रार करायची नाही, कुठं काही बोलायचं नाही आणि काकूंनीही आपली तक्रार मागं घ्यायची.

खोलीत नत्थुजी खाटेवर बसले होते. त्यांना उजव्या डोळ्यानं उजेड कळायचा, समोर माणूस आहे हेही कळायचं, पण कोण आहे ते कळत नव्हतं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "रऊफ, चहा घे बाप्पा," ते म्हणाले.

सुभद्राबाईचा जीव दोन्हीकडं ओढला गेला. या माणसाची चूल बंद होती. पण खाटेवर बसलेल्या त्या माणसाच्या डोळ्याचं काय?

"तू सही कर, रऊफ," ती शेवटी म्हणाली. "तुही गाडी हाय, तुहं पोट हाय. मी तुले अडवत नाई. पन माही तक्रार माही हाय. थे मी मांगं नाई घेत."

"मंग ते समझोता नाई करनार, काकू."

"करतील. त्यायले तुहं तोंड बंद पाह्यजे. माहं नाई झालं तर तुहं तरी करतीलच."

तसंच झालं. मॅनेजर स्वतः भातकुलीत येऊन गेला, सफरचंदाची पेटी आणि साडी घेऊन. सुभद्राबाईनं दोन्ही त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाली, "पानी पेता? आमी कोनाले पानी नाई म्हनत." तो पाणी न पिताच गेला. मग त्यांनी एकट्या रऊफशी समझोता केला. गाडी सुटली, बॅटरी बदललेली होती, स्टेपनी गायब होती. रऊफ गप्प राहिला. बोलायचं नाही, असं लिहूनच दिलं होतं त्यानं.

बोलली ती अनवरी. एक दिवस ती एकटीच एसटीनं भातकुलीला आली. "काकू, तुमची वकील भाची कुठं बसते?"

"काहून?"

"कर्ज घेतलं तवा जामीनदार म्हनून माही सही घेतली होती. माहं आधार, माहा फोटो, सगळं. मंग ते पोट्टे मलेच फोन करत होते, दिवसभर. एक डाव म्हने, शाहीन कोनत्या कॉलेजात जाते ते मालूम हाय आमाले, कोनत्या गेटातून निघते तेही." तिनं ओढणी डोक्यावर घट्ट ओढून घेतली. "ते यायलेही नाई सांगतलं मी. आता समझोता केला तवा माही सही कोनीच नाई मांगितली. यायनं बोलाचं नाई, असं लिहून देलं. मी नाई देलं."

सुभद्राबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईचं तिनं फक्त 'सलाम काकू' एवढंच ऐकलं होतं. ती उठली, चप्पल घातली आणि तिच्याबरोबर पुढची एसटी पकडून अमरावतीला निघाली.

अनवरीची तक्रार ग्राहक आयोगात गेली. कंपनीच्या वकिलानं पहिल्याच तारखेला सांगितलं, मूळ कर्जदाराची तक्रार नाही, तर या बाईचं नुकसान काय? अनवरी उभी राहिली आणि फोनवर काय काय ऐकलं ते तिनं शब्दाशब्दानं सांगितलं, शिव्यांसकट. बोलता बोलता ती हिंदीत गेली, परत मराठीत आली. वकील मधे बोलू लागला तेव्हा अध्यक्षबाईंनी त्याला हातानं खाली बसवलं. मग सुभद्राबाईची साक्ष झाली. "पाणी देऊ नका" हे वाक्य तिनं सांगितलं तेव्हा मॅनेजर मोबाइलमध्ये पाहत होता.

निकाल लागला तो बराच उशिरा, पण लागला. नोटीस न देता गाडी ओढणं बेकायदा, दंडाच्या नावाखाली घेतलेले पैसे परत, वर भरपाई. सुलभगतीनं नागपूरला अपील केलं. मॅनेजरची बदली झाली. कुणीतरी म्हणालं, बढतीवर. यार्ड मात्र तिथून उठलं. कुठं गेलं, ते कुणी सांगू शकलं नाही. नत्थुजींचा डोळा जेवढा होता तेवढाच राहिला.

फौजदारी खटला अकोल्याच्या कोर्टात वेगळा चालू होता. त्याच्या साक्षीच्या दिवशी सुभद्राबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, तेव्हा कुंदन समोर येऊन उभा राहिला. गॉगल नव्हता. दाढी वाढली होती. आवाजही आता दुसराच होता.

"काकू, कंपनीनं हात वर केले. म्हनते, हा आमचा मानूसच नोयता. वकील बी मलेच करा लागला. पगारही नाई, एका गाडीमागं इतके, असं होतं आमचं. तुमी जरा सांभाळून बोलजा ना."

"तुले गाडी ओढाले कोन सांगत होता?"

"मॅनेजर. अन् त्याच्या वरचा नागपूरचा साहेब."

"मंग जजसमोर त्यायचं नाव घे."

"नाव घेतलं तर मले काम कोन देईन?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. दवाखान्यात रऊफही असंच म्हणाला होता, थोड्या वेगळ्या शब्दांत. या कंपनीनं एकाला भुकेनं गप्प केलं आणि दुसऱ्याला भुकेनं भुंकायला लावलं, आणि दोघांनाही भर रस्त्यात सोडून दिलं. तिला त्याची कीव आली नाही. पण आता राग त्याच्यावर थांबत नव्हता, तो त्याच्या डोक्यावरून पलीकडं, त्या नागपूरच्या साहेबाकडं जात होता, ज्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं.

"थे तू पाह्य," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याचा डोया गेला. त्याच्यातला तुहा हिस्सा मी सांगीनच, एक शब्द कमी नाई अन् एक जास्ती नाई. बाकीचा ज्याचा हाय त्याचं नाव तुले मालूम हाय, मले नाई. घ्याचं का नाई, थे तुह्यावर."

तो काही बोलणार होता. तेवढ्यात आतून शिपायानं पुकारा केला, "सुभद्रा नत्थुजी..." तिनं पदर खांद्यावर घेतला, हातातली पाण्याची बाटली बाकावर ठेवली आणि आत गेली.